साखरेवरचं पाणी

माझ्या धाकट्या भावाला, अभिमन्यूला, मुलगी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे दोन हजार अठरा साल. मुलीचं नाव अंकिता ठेवलं. बारशाला मी पाळण्याची दोरी धरली होती. बायकांच्या गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "द्वारकाचं आपलं राहिलं ते राहिलंच." मी हसले. मला तेव्हा चव्वेचाळिसावं चालू होतं. वडील लवकर गेले, भावंडं लहान होती, मी कारखान्यात जायला लागले. लग्नाचं वय दाराशी येऊन कधी परत गेलं, ते मागांच्या खडखडाटात मला ऐकूच आलं नाही.

प्रेम ही दुसऱ्यांनी करायची आणि आपण डबा खाताना ऐकायची गोष्ट, असं मी धरून चालले होते. माझी स्वतःची गोष्ट सुरू झाली ती एका चुकीनं. आणि चूक माझ्या डोळ्यांची होती.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. मी कांडीच्या मशीनवर होते. मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात सुताची एक लहान गुंडाळी बसते, तिला कांडी म्हणतात. ती भरून द्यायची, तुटलेला धागा जोडायचा, एवढं माझं काम. पलीकडच्या मागांचा आवाज असा, की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला नुसते ओठ हललेले दिसावेत. म्हणून तिथं सगळे खुणांनी बोलतात. हात कामात अडकलेले असतात, तेव्हा खुणा तोंडाच्या आणि डोळ्यांच्या. हनुवटी वर केली की चहा आला. गाल फुगवला की मालक आला. आणि जॉबरला, म्हणजे मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला, बोलवायचं तर त्याच्याकडं बघून डोळे दोनदा घट्ट मिटायचे.

त्या जुलैत नवा जॉबर आला. उंच, उन्हानं रापलेला, मिशीत दोन-चार पांढरे केस. तो माझ्या मशीनपाशी आला, गुडघ्यावर बसला, चाक फिरवून बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला. पुन्हा चाक फिरवलं. जेवणाच्या आधी तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या कपाळाला आठी होती.

जेवणाच्या सुटीत मी पिंपावर बाटली भरत होते. तो समोर येऊन उभा राहिला.

"बाई, तुमची मशीन एकदम चांगली हाय."

"मग?"

"मग सारखं मला कशाला बोलावताय?"

"मी? मी कुठं बोलावलं?"

"हे काय, आत्ता पण!" तो म्हणाला. "डोळं मिटलं की दोनदा!"

"अहो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं माझ्या. म्हणून मिटते. जुन्या जॉबरला माहीत होतं."

"आसं व्हय…" तो ओशाळला. "मला वाटलं—"

"काय वाटलं?"

"मशीनच बिगडली आसंल. दुसरं काय वाटनार?"

त्याचे कान लाल झाले होते. माझ्यामागं सरदारबी उभी होती. टॉवेलच्या कडा शिवायच्या खात्यात ती माझ्या आधीपासून होती, आणि तिच्या जिभेला लगाम नव्हता. ती म्हणाली, "हौ हौ, मशीनच! अगे द्वारका, इसका कान देख, कैसा तप्या है!"

त्याचं नाव रावजी. उजनी धरणाच्या काठच्या एका गावचा. घरी म्हातारी आई, थोडा ऊस, थोडी केळी. बायको खूप वर्षांपूर्वी आजारानं गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि त्यानं दुसरं लग्न केलं नव्हतं. हे सगळं मला सरदारबीनं आठवड्याच्या आत आणून दिलं.

खरं कारण कळल्यावर तो यायचा थांबेल असं मला वाटलं होतं. तो थांबला नाही. माझे डोळे मिटले की हा हजर. मी मानेनंच विचारायची, "आता कशाला?" एकदा चहाच्या वेळी त्यानं उत्तर दिलं.

"एखाद्या बारीला खरंच बिगडलं आसंल तर? आपन आपलं येऊन बगितलेलं बरं."

"मला बघायला की मशीनला?"

"मशीनला… आदी."

मी त्या दिवशी कांड्या भरल्या की नाही मला आठवत नाही.

पण एक गोष्ट मी त्याच्यापासून लपवत होते. खरं म्हणजे ती गोष्ट काय आहे हे मलाच माहीत नव्हतं. दोन वर्षांपासून माझे डोळे जळायचे, लाल व्हायचे, सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. तोंड कोरडं ठाक. कोरडा घास पाण्याशिवाय उतरायचाच नाही. आमच्याकडं तुटलेला धागा जोडताना बायका बोट जिभेला लावतात आणि धागा वळतात. माझी जीभच ओली नसायची, मी बोट बाटलीत बुडवायची. दात एकामागून एक किडत चालले होते, बोटांचे सांधे सकाळी वळत नव्हते. ज्याला सांगावं तो म्हणायचा, सुताचा फुफाटा आहे, सोलापूरचं ऊन आहे, पित्त आहे, चाळिशी आहे. कुणी गुलाबपाणी घालायला सांगितलं, कुणी गुलकंद. भावजय एकदा हसत म्हणाली, "ताईंचे नखरे." मलाही वाटायला लागलं होतं, की असतील बाबा नखरे.

रावजी गावाहून आला की आईनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायचा. पापडासारखी कडक, महिनाभर टिकणारी ज्वारीची भाकरी. सगळ्यांना तुकडा तुकडा द्यायचा. माझ्यापुढं धरला की मी म्हणायची, "नको, भूक नाही."

"रोजच भूक नसती का?"

"नसते."

"आमच्या आईच्या हाताला काय काटं हायत का बाई?"

तो हसून म्हणाला, पण लागलं होतं त्याला. पुढच्या खेपेला त्यानं केळी आणली. ती मी खाल्ली. एक, मग दुसरं. मऊ, गोड, आपोआप घशाखाली जाणारी. त्यानं ते बघून ठेवलं. त्यानंतर गावाहून येताना त्याच्या मोटारसायकलला केळ्यांची फणी लटकलेली असायची, आणि भाकरीचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

"भाकरी चालत न्हाय, केळं चालतंय," तो एकदा म्हणाला. "म्हंजे मानूस चालतोय की न्हाय, ते कसं वळकायचं?"

"माणसानं विचारून बघावं."

"आनि न्हाय म्हनलं तर?"

"तर केळी आणायची बंद करावीत."

तो माझ्याकडं बघत राहिला. माझे डोळे जळत होते, पण मी ते मिटले नाहीत. हट्टानं उघडे ठेवले.

दसऱ्याच्या आधी आम्ही नवी पेठेत गेलो. सरदारबी बरोबर होती, पण कापडाच्या दुकानात शिरली ती बाहेरच आली नाही. मला वाटतं मुद्दाम. गर्दीतून, रिक्षांच्या भोंग्यांतून आम्ही चालत होतो. एका गाड्यावर त्यानं चष्मे बघितले आणि बाजूनं बंद असलेला एक काळा गॉगल उचलून माझ्या हातात दिला.

"वाऱ्यानं डोळं लाल होत्यात तुमचं. घरी सोडायला मोटारसायकलवर बसवलं की लई होत्यात. मी आरशात बगतो."

"गाडी चालवताना पुढं बघायचं असतं."

"पुढं रोजचाच रस्ता आसतोय."

मी गॉगल घातला. वारा थांबला, डोळ्यांना थंड वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या डोळ्यांसाठी कुणी काही विकत घेतलं नव्हतं. मी म्हणाले, "कशी दिसते?"

"कुनीतरी मोटी बाई दिसतीस," तो म्हणाला. 'तुमी'चं 'तू' झालं ते त्याच्या लक्षात आलं, आणि तो गडबडला. "म्हंजे… द्वारका… आईला घिऊन येऊ का? तुज्या घरी?"

मी काळ्या काचांमागून बघत होते म्हणून बरं. मी नुसती मान हलवली.

त्याच वेळी त्यानं मला त्यांच्या घरची रीत सांगितली. बैठकीत मुलाची आई मुलीच्या तोंडात चिमूटभर खोबरं-साखर घालते. मुलीनं ती खाल्ली की होकार. पण त्यानंतर म्हातारी उठेपर्यंत मुलीनं पाणी प्यायचं नाही. पाणी प्यालं तर शब्द धुतला. मग ती सोयरीक होत नाही.

"एवढंच ना!" मी म्हणाले. आणि पिशवीतली बाटली काढून दोन घोट प्याले.

दिवाळीनंतर बैठक झाली. मी सकाळपासून पाणी पीत होते. बजाबाई, म्हणजे त्याची आई, ठेंगणी, सत्तरी ओलांडलेली, कपाळावर गोंदण, नजर धारदार. मला जवळ बसवलं, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि बोलली, "चांगली हाय की पोरगी. लई वाळलीया तेवढी." मग तिनं किसलेलं सुकं खोबरं आणि साखर माझ्या तोंडात घातली.

साखर विरघळायला तोंडात ओल लागते. मला ती नव्हती. खोबऱ्याचा कीस लाकडाच्या भुशासारखा जिभेला, टाळूला, घशाला चिकटला. मी चावत राहिले. बजाबाई उसाच्या दराचं बोलत होती, केळ्यांवरच्या रोगाचं बोलत होती, उठायचं नाव नव्हतं. मी गिळायला गेले आणि कीस घशात अडकला. ठसका लागला. दुसरा लागला. श्वास वरच्या वर राहिला. समोर तांब्या होता. माझा हात आपोआप गेला, मी घटाघट प्याले.

मी तांब्या खाली ठेवला.

"झालं," बजाबाई म्हणाली. तिनं पदर सावरला आणि ती उठली. "पोरीच्या मनात न्हाय. तोंडानं सांगायचं ते पान्यानं सांगितलं तिनं."

अभिमन्यू मध्ये पडला, "अहो मावशी, ठसका लागला तिला!"

"आमच्यातल्या कुठल्याच पोरीला ठसका न्हाय लागला आजवर."

दारात रावजी वळला. त्याच्या नजरेत एकच होतं — एक शब्द बोल. उरलेला कीस उतरवायला मी पुन्हा तोंडभर पाणी घेतलं होतं. ते गिळून मी हाक मारली तोवर मोटारसायकल गल्लीच्या टोकाला गेली होती.

दुसऱ्या दिवशी मशीनवर माझे डोळे मिटले. दोनदा. त्यानं बघितलं, आणि तो दुसऱ्या मागाकडं गेला.

पिंपापाशी मीच त्याला गाठलं. "रावजी, मी मुद्दाम नाही प्याले. माझं तोंड कोरडं पडतं."

"सोलापुरात सगळ्यांचंच पडतंय, बाई." आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "भाकरी खाल्ली न्हाय, साखर बी उतरली न्हाय. जबरदस्ती कशाला? मानसाचं मन मानसाला कळत नसंल, पर जिबेला कळतंय."

मी तिथंच उभी राहिले. माझं मन एक बोलत होतं आणि शरीर दुसरंच, आणि सगळ्यांनी शरीराचं खरं मानलं होतं. मला त्या शरीराचा राग आला. मग वाटलं, रागावण्याआधी त्याला विचारायला तर हवं, की बाबा, तुझं म्हणणं काय आहे?

सरदारबी म्हणाली, "चल, मैं आती तेरे साथ. घरका गुलाबपानी बस हुआ."

आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागदाची एक बारीक पट्टी माझ्या खालच्या पापणीत अडकवली आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. शेजारच्या बाकावर आणखी एक बाई तशीच बसली होती. पट्ट्या काढल्या तेव्हा तिची अर्ध्याहून जास्त भिजलेली. माझी जशी घातली तशीच निघाली, टोकाला नखाएवढा ओलावा.

"डोळ्यांत पाणीच तयार होत नाही तुमच्या," डॉक्टर म्हणाले. "तोंड कोरडं पडतं?"

"हो."

"सांधे दुखतात? सकाळी जास्त?"

"हो."

"दात किडतायत? कानाखाली गालाला सूज येते मधून मधून?"

मी सरदारबीकडं बघितलं. हा माणूस दोन वर्षं माझ्या घरात राहत होता की काय!

त्यांनी सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. त्यांनी रक्त तपासलं. खालच्या ओठाच्या आतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. सगळे निकाल हाती आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

"याला शोग्रेन सिंड्रोम म्हणतात," त्या म्हणाल्या.

"नाम बडा फारीनका है," सरदारबी पुटपुटली.

"नाव परदेशी आहे, आजार सगळीकडं आहे. बायकांना जास्त होतो, तुमच्याच वयाच्या आसपास. आपल्या शरीरात रोगांशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या राखणदार. तुमच्या राखणदारांची ओळख चुकली आहे. अश्रू करणाऱ्या आणि लाळ करणाऱ्या ग्रंथींनाच ते शत्रू समजून मारतायत. म्हणून डोळे कोरडे, तोंड कोरडं. लाळ नाही म्हणून दात किडतात. सांधेही त्यातूनच दुखतात."

"फुफाट्यानं झालं?"

"फुफाट्यानं त्रास वाढतो. आजार त्यानं होत नाही. उन्हानं, पित्तानं, तुमच्या कुठल्या चुकीनंही नाही. कुणाला लागणारा पण नाही."

मी खुर्ची पुढं सरकवली. मग विचारलं, "बाई, म्हणजे मी… नखरे करत नव्हते?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही. एक दिवसही नाही."

मला आजार आहे असं कुणी सांगावं आणि माझ्या छातीवरचा दगड उतरावा! मला रडू आलं — आणि आलं म्हणजे नुसतं आतून आलं. डोळे कोरडेच. सरदारबी मात्र दोघींच्या वाटचं रडली.

आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात ठेवता येतो, असं त्यांनी सांगितलं. डोळ्यांत थेंब घालायचे, दिवसातून बऱ्याच वेळा. घोट घोट पाणी. लाळ वाढायची गोळी, राखणदारांना शांत करायची गोळी. दातांची काळजी. ठरल्या वेळी तपासणी, आणि गळ्याशी गाठ वाटली तर लगेच यायचं. मी मालकांना सांगून कांडीवरून घडीच्या खात्यात गेले, तिथं सूत उडत नाही. महिन्या-दीड महिन्यात पापण्या सकाळी सुट्या व्हायला लागल्या. बोटं वळायला लागली.

पण हे ज्याला सांगायचं तो कारखान्यात नव्हता. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. धरणाचं पाणी रोज मागं सरकत होतं, आणि काठच्या शेतकऱ्यांना मोटारीचे पाइप रोज पुढं न्यावे लागत होते. रावजी माझे निकाल यायच्या आधीच रजा टाकून गावी गेला होता. मे महिन्यात त्याच्या गावचा एक विणकर डबा खाताना म्हणाला, "रावजीला पोरगी बघायला जानार हायत, करमाळ्याकडं. येत्या गुरुवारी."

सोमवारी मी एसटीत बसले.

टेंभुर्णीला उतरून जीपनं पुढं गेले. गरम वारा सुटला होता. मी डोळ्यांत थेंब घातले, गॉगल चढवला, बाटली काखेत. बजाबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"कोन हिरोईन आली म्हनायची ही?"

"मी द्वारका. सोलापूरची."

शेंग तिच्या बोटांत तशीच राहिली. "शब्द धुऊन गेलीस, आता कशाला आलीस? तांब्या राहिला का?"

"सांगायला आलेय. मग जाते."

ओट्यावर सरकून तिनं जागा केली. मी बसले आणि सगळं सांगितलं. पट्टीचं, रक्ताचं, ओठाचं. ती ऐकत होती, शेंगा फोडत होती.

"राखनदार घरच्यालाच चावतोय म्हन की," ती शेवटी म्हणाली.

"तसंच."

"मग हाकलून द्यायचा."

"हाकलला तर खरे चोर शिरतील ना मावशी. त्याला जरा पेंगवायचं, एवढंच. गोळ्या त्याच्याच आहेत."

तिच्या तोंडाला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. "आनि मरतीस बिरतीस का काय त्यानं?"

"मरणार तर सगळेच. यानं लवकर मरेन असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. तपासणी चुकवायची नाही, एवढं म्हणाल्या."

"आनि खोबरं?"

"खोबरं घशात अडकलं होतं. मला तुमच्या घरात यायचं होतं मावशी. अजून आहे. पण पाण्याशिवाय मला घास उतरत नाही, कधीच उतरणार नाही. तुमची रीत माझ्याच्यानं होणार नाही. हे मी लपवून येणार नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात तर रडत पण जाणार नाही. गुरुवारच्या आधी सांगणं माझं काम होतं."

मी बाटली उघडली आणि तिच्यासमोर, मुद्दाम, घोटभर पाणी प्याले.

बजाबाई खाली धरणाकडं बघत बसली. पाणी खूप आत गेलं होतं. गाळातून जुन्या गावाच्या भिंती वर आल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध दगडी विहिरीचं गोल तोंड दिसत होतं.

"ती हीर दिसती का?" ती म्हणाली. "धरन व्हायच्या आदी आमी तितं ऱ्हायचो. ही एकच हीर, आन ती बी उनाळ्यात आटायची. घरात एक घागर. पावनं आलं की पोरीच्या आईच्या पोटात गोळा यायचा, समद्यास्नी पानी कुटनं द्यायचं? माजी सासू सांगायची, साखर घातली की आपन पानी मागायचं न्हाय गं, त्यांची लाज ऱ्हाती…"

ती एकदम थांबली. शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"आपन मागायचं न्हाय! पावन्यांनी!" तिनं कपाळावर हात मारला. "आगं, रीत आमच्यासाटनं हुती! पोरीला पानी तोडायला न्हाय, पोरीच्या घरचं पानी वाचवायला! ह्या बायकांनी कवा उलटी केली कुनाला ठावं. आनि मी शानी, तुज्या घरात तांब्याकडं डोळं लावून बसली!"

मी बाटलीचं झाकण लावलं.

"रावजी!" ती ओट्यावरून खाली ओरडली. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा आवाज पार पाण्यापर्यंत गेला. "आरं ए रावजी! पाईप ऱ्हाऊ दे! वर ये!"

तो चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला वर आला. मला बघून अंगणातच उभा राहिला.

"माटातनं तांब्या भरून आन," आई म्हणाली. "आनि ही काय सांगती ती ऐक. मी साखर बगती."

ती आत गेली. आत डबे उगाचच जोरात वाजत होते.

"कशाला आलीस?" त्यानं विचारलं. हळू.

"मशीन बिघडली होती. तू बघितलीस, पण तुला सापडलं नाही. मी दुसरीकडं दाखवून आले."

मी त्यालाही सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचा चेहरा उतरत गेला. "मी म्हनलो, सगळ्यांचंच पडतंय… मी आसं म्हनलो तुला."

"म्हणालास."

"आनि जिबेचं काय काय बोललो…"

"ते तर फारच शहाण्यासारखं बोललास."

त्यानं मान खाली घातली, मग वर केली. "द्वारका, मला लई बोलता येत न्हाय. तुजं डोळं मिटलं आनि मी आलो न्हाय, त्या दिवसापास्नं मला झोप न्हाय. तुला जलमभर पानी लागनार हाय न्हवं? तर… जलमभर मी भरून देतो. हुईल का?"

"आणि केळी?"

"केळी तर हायतच की!"

"मग विचार करते," मी म्हणाले. आणि विचार न करता हो म्हणाले.

बजाबाई वाटी घेऊन आली. या वेळी खोबरं नव्हतं. तिनं चिमूटभर साखर माझ्या जिभेवर ठेवली आणि लगेच तांब्या माझ्या ओठांना लावला. साखर विरघळली, गोड पाणी सरळ खाली उतरलं. तिनं स्वतः एक घोट घेतला, रावजीला दिला, आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झाला बगा शब्द! गुरवारची गाडी कॅन्सल!"

जूनमध्ये लग्न झालं. मांडवात उभं राहायच्या आधी मी डोळ्यांत थेंब घातले, जरा जास्तच पडले आणि गालावरून ओघळले. मामी, मावश्या खूश झाल्या. "बघा, रडली शेवटी नवरी!" अंतरपाट दूर झाला तेव्हा रावजी माझ्याकडं वाकून म्हणाला, "आई म्हनती रुमाल दे. मी म्हनलो, औषद हाय, पुसू नको." मी भर मांडवात हसले. माझ्या एका हातात हार होता आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, आणि तशीच मी फोटोत आहे.

आजार अजून आहे. वाईट दिवस येतात, तेव्हा बोटं आखडतात, अंगातलं बळ जातं, मी अंथरुणातून उठत नाही. मग चांगले दिवस येतात, ते जास्त आहेत. बजाबाईनं माझ्या आजाराचं नाव पाठ केलं होतं. तिच्या तोंडून ते 'शोगरीन' असं यायचं, आणि नात्यात कुणाचेही डोळे लाल दिसले की ती विचारायची, "तोंड वाळतंय का? मग पट्टी लावून ये." अशा तिनं चार बायका पाठवल्या. एकीला खरोखर तोच आजार निघाला. ती वेळेत गेली, तिचे दात वाचले. नात्यातल्या बैठकींना बजाबाई आधी मुलीच्या हातात तांब्या द्यायची आणि मग साखरेची वाटी उघडायची. कुणी काही बोललं की विहिरीची गोष्ट पहिल्यापासून सांगायची.

शेवटच्या आजारात तिला गिळता येत नव्हतं. तोंड उघडं राहायचं, ओठ फुटायचे. नातेवाईक चमच्यानं पाणी ओतायला बघायचे आणि तिला ठसका लागायचा. मी सगळ्यांना बाजूला केलं. कापसाचा बोळा भिजवून, पिळून, आधी ओठ, मग गालाच्या आतली बाजू, मग जीभ, अशी हळूहळू ओलवत बसायची. कोरड्या तोंडाला नेमकं कुठं दुखतं ते मला ठाऊक होतं. ती डोळे मिटून पडलेली असायची. एकदा तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तुलाच कळतंय गं पोरी." तेवढंच.

माझ्या सासूबाई बजाबाई मंगळवारी, बारा मार्च दोन हजार चोवीस रोजी सकाळी राहत्या घरी वारल्या.